तेरा ओळींचा चंद्रोदय

जूनमधली संकष्टी असली की लंडनमधल्या एजवेअरला उपवास सोडायला रात्रीचे अकरा वाजून जातात. पुण्यात आई दहाच्या सुमारास गच्चीवर जाऊन चंद्र बघून येते आणि पान वाढून घेते. तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, ऊन अंगणात पसरलेलं असतं आणि सूर्य मावळायलाच अजून चार तास असतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पुण्याहून आणलेलं कॅलेंडर आहे. त्यातली चंद्रोदयाची वेळ तिकडच्या शहरांची. तिच्यातून साडेचार किंवा साडेपाच तास वजा करून इथली वेळ निघत नाही, कारण पुणं साडेअठरा अक्षांशावर आहे आणि एजवेअर साडेएक्कावन्नच्या थोडं वर. इतक्या उत्तरेला चंद्र वेगळ्या कोनात चढतो. कधी आदल्या दिवसापेक्षा जेमतेम वीस मिनिटं उशिरा उगवतो, तर कधी तासाहून जास्त.

तारखेचाही घोळ आहे. संकष्टी त्या दिवशी, ज्या दिवशी चंद्रोदयाच्या वेळी वद्य चतुर्थी चालू असेल. चतुर्थी म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे २१६ ते २२८ अंशांच्या दरम्यान असतो तो काळ, आणि तो साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी सुरू होतो, एकाच क्षणी संपतो. चंद्रोदय मात्र प्रत्येक गावाचा आपला. पुण्यातल्या चंद्रोदयाला चतुर्थी असली तरी काही तासांनी लंडनला चंद्र उगवेपर्यंत पंचमी लागलेली असू शकते. मग इथली संकष्टी आदल्या दिवशी येते.

आमच्या भागातल्या काही मराठी घरांसाठी मी वेबवर एक छोटं पान तयार केलं : वर्षभरातल्या संकष्टी आणि लंडनमधली चंद्रोदयाची वेळ. माझा रोजचा व्यवसाय जावास्क्रिप्ट लिहिण्याचा, त्यामुळे गणित त्याच भाषेत बसवलं. बेल्जियमचे खगोल-अभ्यासक झाँ मेउस यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खगोलगणिताच्या पुस्तकात चंद्राचं स्थान काढायची रीत आहे. भोगांश (आकाशातला रेखांश) आणि अंतर यांसाठी ६० पदं, शरासाठी (आकाशातला अक्षांश) आणखी ६०. प्रत्येक पदात चार कोनांची बेरीज-वजाबाकी, तिची ज्या किंवा कोज्या आणि एक गुणक. ही सगळी पदं मांडायची, चंद्राचं स्थान काढायचं, तो क्षितिजावर कधी येतो हे पुढे-मागे सरकत शोधायचं आणि हे वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी करायचं. कोड काही शे ओळींचा झाला. उत्तर फक्त तेरा ओळींचं, बऱ्याच वर्षी तर बाराच.

पहिल्या आवृत्तीत हे गणित प्रत्येकाच्या फोनवर होत असे. नॉर्दर्न लाइनची गाडी एजवेअरहून निघून गोल्डर्स ग्रीन सोडते आणि बोगद्यात शिरते. तिथे सिग्नल गेला की पान अर्धवट उतरलेलं राही, कारण तेरा तारखांसाठी १२० पदांची दोन कोष्टकं आणि ते शोधकाम एवढं सगळं फोनपर्यंत पोचायला हवं होतं. शिवाय प्रत्येक घरातला प्रत्येक फोन तेच गणित नव्यानं करून तेच उत्तर काढत होता. लंडनचा २०२६ सालचा चंद्रोदय कोणी विचारतंय यावर बदलत नाही. तो आत्ताच ठरलेला आहे.

मग जे आधीच ठरलेलं आहे, ते पान घराबाहेर पडण्याआधीच मोजून का ठेवू नये?

हे करायची जागा म्हणजे बिल्ड. वेबसाइट लिहिताना आपण कोड अनेक फाइलींत लिहितो : एकात गणित, एकात तारखांची मांडणी, एकात रंगरूप, आणि वर इतरांनी लिहिलेली डझनभर पॅकेजं. ब्राउझरकडे पाठवण्याआधी बंडलर नावाचा प्रोग्रॅम या साऱ्या फाइली वाचतो, कोण कोणावर अवलंबून आहे ते शोधतो, नको ते गाळतो आणि एक-दोन आटोपशीर फाइली बांधून देतो. वेबपॅक, रोलअप, ईएसबिल्ड, पार्सल, बन ही त्यांतली जाणकारांच्या ओळखीची नावं. हा प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर किंवा बिल्ड सर्व्हरवर चालतो, वाचकाच्या फोनवर नाही. बिल्डच्या वेळी पोटभर वेळ आणि ताकद हाताशी असते. तिथे चार सेकंद जास्त लागले तर कोणाचंच बिघडत नाही.

बिल्डटाइम मॅक्रो म्हणजे याच वेळी चालणारं फंक्शन. लिहायची पद्धत अगदी साधी. जावास्क्रिप्टमध्ये दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन हवं असेल तर इम्पोर्टची ओळ लिहावी लागते. तिच्या शेवटी 'विथ' हा शब्द आणि त्यापुढे महिरपी कंसात 'टाइप : मॅक्रो' एवढी टीप जोडायची, झालं. इम्पोर्टच्या ओळीला अशी टीप जोडण्याची सोय जावास्क्रिप्टच्या २०२५ च्या प्रमाण आवृत्तीत अधिकृतपणे आली. पण 'मॅक्रो' या शब्दाला अर्थ देतो तो बंडलर. ब्राउझरला हा शब्द माहीतच नाही. चुकून ती ओळ तशीच त्याच्यापर्यंत गेली तर तो फाइल उघडायला नकार देतो. म्हणून बंडलर आपलं काम झाल्यावर ती ओळच काढून टाकतो. बननं हे मॅक्रो मे २०२३ मध्ये जाहीर केले आणि पार्सलनं २०२४ च्या सुरुवातीला आपल्या २.१२ या आवृत्तीत आणले.

आत नेमकं काय होतं ते माझ्याच पानावर दाखवते. माझ्या कोडमध्ये एक ओळ आहे : 'संकष्टी' या फंक्शनला 'लंडन' आणि '२०२६' ही दोन मूल्यं देऊन जे येईल ते 'यादी' या नावात ठेव. बंडलर फाइल वाचतो तेव्हा तिच्याकडे नुसता मजकूर म्हणून बघत नाही, तिचं झाड बनवतो. खोडाशी 'यादी'ची व्याख्या, तिची फांदी म्हणजे फंक्शनला मारलेली हाक, आणि त्या फांदीला दोन पानं : लंडन, २०२६. हाक मारलेलं फंक्शन मॅक्रो म्हणून आणलेलं आहे हे कळताच तो दोन्ही पानं तपासतो. दोन्ही स्थिर मूल्यं आहेत का? वाचकानं शहर निवडल्यावर कळणारं काही त्यात असेल तर तो तिथेच थांबून चूक दाखवतो, कारण बिल्डच्या वेळी वाचक अजून आलेलाच नसतो. मूल्यं स्थिर असली तर बंडलर स्वतःच फंक्शन चालवतो, १२० पदांची बेरीज करतो, तेरा उत्तरं घेतो आणि हाकेची ती अख्खी फांदी तोडून तिथे तेरा आकड्यांच्या यादीचं कलम लावतो. मग गणिताच्या फाइलीकडे कोणाचंच बोट राहत नाही, ती गळून पडते. फोनवर जातात ते तेरा आकडे.

हे कलम लावणं सगळं गाळून झाल्यावर होत नाही, आधी होतं, आणि याचा एक सुंदर परिणाम आहे. समजा मॅक्रोनं 'नाही' असं उत्तर दिलं आणि कोडमध्ये 'हो असेल तरच हा भाग चालव' अशी अट असेल. बंडलरला आता दिसतं की अट कधीच पुरी होणार नाही, म्हणून तो तेवढा भाग गाळून टाकतो. एका शब्दाच्या उत्तरानं दोनशे ओळी गळालेल्या मी पाहिल्या आहेत.

कल्पना नवी नाही. सी भाषेत मॅक्रो जवळजवळ पहिल्यापासून आहेत, पण ते निव्वळ मजकुराची अदलाबदल करतात, आणि त्यातून ओळखीची फजिती होते. 'वर्ग' म्हणजे 'अ गुणिले अ' असा मॅक्रो केला आणि त्याला '३ + १' दिलं, तर तो '३ + १ गुणिले ३ + १' असं लिहून ठेवतो. गुणाकार आधी होतो आणि सोळाऐवजी सात येतात. लिस्प भाषेत एमआयटीच्या टिमोथी हार्ट यांनी १९६३ मध्ये मॅक्रो मांडले ते झाडावर चालणारे, म्हणून तिथे ही चूक होत नाही. जावास्क्रिप्टमध्ये टिम डिस्नी यांनी २०१२ मध्ये मोझिलात स्वीट-जेएस घडवलं. त्यातून भाषेला नवी वाक्यरचनाच जोडता येई, पण वाचणाऱ्याला समोरचं जावास्क्रिप्ट ओळखीचं वाटेना आणि ते फारसं रुजलं नाही. २०१७ मध्ये केंट सी. डॉड्स यांनी बेबेल या जावास्क्रिप्ट-रूपांतरकासाठी मॅक्रोची सोय केली आणि पुढच्या वर्षी क्रिएट रिअॅक्ट अॅप या तयार साच्याच्या दुसऱ्या आवृत्तीत ती पोचली. तिथे मॅक्रो लिहिणाऱ्याच्या हातात झाडच मिळे. फांद्या तोडणं आणि जोडणं त्यानंच करायचं. मी ते केलेलं आहे. चुकायला शंभर जागा असतात. बन आणि पार्सल यांनी झाड आपल्याकडे ठेवलं आणि लिहिणाऱ्याकडून फक्त एक साधं फंक्शन आणि त्याचं उत्तर मागितलं. मला ही पद्धत जास्त पटते, कारण हे फंक्शन मी इतर कोणत्याही फंक्शनसारखंच चालवून, तपासून बघू शकते.

पण या रीतीचं खरं नातं मला दिसतं ते आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांशी. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० च्या सुमारास, ग्रहलाघव लिहिलं. त्यात ग्रहांची स्थानं काढताना ज्या आणि चाप यांची गरजच उरू नये अशी रचना त्यांनी केली. अवघड त्रिकोणमिती त्यांनी एकदा स्वतः पचवली आणि पुढच्यांच्या हाती सोपे गुणाकार-भागाकार ठेवले. त्यांच्याच तिथिचिंतामणीत तयार कोष्टकं आहेत. पंचांग करणाऱ्यानं योग्य रकाना बघून बेरीज करायची. पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत आणली ती युरोपातल्या नव्या वेधांच्या आधारानं. ग्रीनिचच्या वेधशाळेतून १७६७ पासूनचं नॉटिकल अल्मनॅक निघत होतं, ते याच तत्त्वावर. गणित जमिनीवर आधीच करून ठेवायचं, खलाशानं समुद्रात फक्त रकाना वाचायचा. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय सुरू केलं आणि हे आधी केलेलं गणित भिंतीवरच्या खिळ्याला आलं. माझी आई कधीच तिथी मोजत नाही, ती वाचते. मोजणारा आणि वाचणारा वेगळे असले की वाचणाऱ्याचा सगळा भरवसा मोजणाऱ्यावर येतो. मॅक्रो लिहिणाराही त्याच जागी उभा असतो.

आणि इथे मी दोनदा चुकले.

पानाच्या माथ्यावर 'पुढची संकष्टी' असा एक ठळक चौकोन होता. यादी मॅक्रोतून येत होती, म्हणून हाही मी सवयीनं मॅक्रोतच काढला : आजची तारीख बघ, तिच्यापुढची पहिली संकष्टी दे. पान बांधलं त्या दिवशी सगळं बरोबर दिसलं. मग ती संकष्टी झाली, तीन दिवस उलटले आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, वरती अजून मागचीच तारीख दिसतेय. पुढची कधी आहे?" मॅक्रोनं 'आज' विचारलं होतं आणि त्याला मिळालेलं 'आज' म्हणजे बिल्डचा दिवस. तो दिवस पानात कलम होऊन बसला होता. बनच्या माहितीपत्रात मॅक्रोचं पहिलं उदाहरण नेमकं हेच शिकवतं : यादृच्छिक संख्या देणारं फंक्शन मॅक्रो म्हणून वापरलं की बांधलेल्या फाइलमध्ये एकच संख्या छापली जाते आणि ती पुन्हा बदलत नाही. मी ते वाचलेलं होतं. तरी 'पुढची' या शब्दात 'आज' दडलेलं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

दुसरी चूक लवकर दिसली नाही, म्हणून ती मला जास्त लागली. मॅक्रो चंद्रोदयाची वेळ तयार मजकूर म्हणून देत असे : तास, मिनिटं, मधे विरामचिन्ह. माझ्या लॅपटॉपवर बांधलं की वेळ बरोबर येई. पण प्रसिद्ध होणारं पान बिल्ड सर्व्हरवर बांधलं जाई आणि त्या सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनचं घड्याळ त्याच्या एक तास पुढे असतं. हिवाळाभर चूक लपून राहिली. उन्हाळ्यात पानावर १०:२० दिसलं आणि चंद्र उगवला ११:२० ला. दिवसभराच्या उपवासानंतर कोणी तासभर खिडकीशी उभं राहिलं असेल, तर ते माझ्यामुळे.

दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं : कोणती गोष्ट कधी पक्की होते, हे मी नीट विचारलं नव्हतं. चंद्र क्षितिजावर येण्याचा क्षण आधीच पक्का असतो. 'आज' कोणता, हे पान उघडल्यावर ठरतं. तो क्षण घड्याळात कसा दिसणार, हेही फोननंच ठरवावं. आता मॅक्रो मजकूर देतच नाही. १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले तेवढा आकडा देतो, म्हणजे जगात कुठेही सर्व्हर असला तरी तो सारखाच. त्या आकड्याचं लंडनच्या वेळेत रूपांतर ब्राउझर करतो. त्याला भाषा मराठी सांगितली की आकडे आपसूक देवनागरीत येतात. 'पुढची संकष्टी' म्हणजे यादीतला 'आत्ता'च्या पुढचा पहिला आकडा, आणि ते बघणं फोनचं काम.

उत्तर काय रूपात परत येतं यालाही मर्यादा आहे. बनच्या मॅक्रोला आकडे, मजकूर, याद्या, नाव-मूल्याच्या जोड्या अशाच गोष्टी परत देता येतात, म्हणजे ज्या कागदावर लिहून ठेवता येतील अशा. फंक्शन परत देता येत नाही. मला ही मर्यादा हिताची वाटते. जे लिहून ठेवता येतं ते डोळ्यांखालून घालता येतं.

आणि मॅक्रोचा मला वाटणारा सर्वांत मोठा गुण इथेच आहे. वेग आणि आकार यांचंच कौतुक जास्त होतं, पण आजच्या फोनला हे गणित फारसं जड नाही. खरं मोल तपासणीचं आहे. फोनवर गणित चुकलं तर ते वाचकाच्या हातात चुकतं आणि मला कळतही नाही. बिल्डच्या वेळी ते माझ्यासमोर चुकतं. माझा मॅक्रो आता आपलीच यादी तपासतो : वर्षात संकष्टी बारा किंवा तेराच आल्या का, लागोपाठच्या दोन तारखांत २८ पेक्षा कमी किंवा ३१ पेक्षा जास्त दिवस तर नाहीत ना, प्रत्येक चंद्रोदयाला चंद्र-सूर्यातलं अंतर खरोखर २१६ आणि २२८ अंशांच्या मधे आहे का. शेवटची अट प्रत्येक वेळी पुरी होत नाही. चतुर्थी कधी दोन चंद्रोदयांच्या मधेच लागून संपते. अशा वेळी मॅक्रो चूक फेकतो, बिल्ड थांबतं आणि पान बाहेर जात नाही. तो दिवस मी शास्त्र विचारून हातानं ठरवते आणि तशी नोंद कोडमध्ये ठेवते.

मॅक्रोची एक बाजू मात्र धास्तीची आहे. तो माझ्या मशीनवर, माझ्या हक्कांनी चालतो. ब्राउझरमधला कोड कुंपणात असतो, हा नसतो. तो फाइली वाचू शकतो, नेटवर्कवर जाऊ शकतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजच्या आडून आलेला घातक कोड उघडकीला आला. त्याचा रोख कोपे नावाच्या बिटकॉइन पाकिटावर होता. तो कोड इतरत्र गप्प राही आणि त्या पाकिटाचं प्रसिद्धीचं बिल्ड चालू झालं की तेवढ्यात आपला हिस्सा त्यात मिसळून देई. बिल्डची वेळ ही चोरालाही सोयीची वेळ असते, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. म्हणूनच बनमध्ये बाहेरून आणलेल्या पॅकेजांतल्या कोडला मॅक्रो चालवता येत नाहीत. तुमच्या स्वतःच्या कोडमधून तुम्ही हाक माराल तेवढेच चालतात, आणि हवं तर सगळेच बंद करता येतात. दुसरी काळजी आपली आपण घ्यायची. मॅक्रोनं वाचलेली गुप्त किल्ली त्यानं उत्तरात परत दिली, तर ती बांधलेल्या फाइलमध्ये छापली जाते आणि कोणालाही वाचता येते.

बंडलर झालेलं काम साठवूनही ठेवतात, म्हणजे पुढचं बिल्ड लवकर व्हावं. शहरांचे अक्षांश-रेखांश मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवले आहेत. ती फाइल बदलली तर मॅक्रो पुन्हा चालायला हवा, आणि हे बंडलरला आपोआप कळेलच असं नाही. पार्सलमध्ये मॅक्रोच्या आतून 'या फाइलीवर लक्ष ठेव' असं सांगायची सोय आहे.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीनं विचारलं, वाचकाला आपलं गाव स्वतः टाकता येईल का? मॅक्रोनं ते होणार नाही. गाव वाचक टाकणार, म्हणजे ते बिल्डच्या वेळी माहीत नसणार, म्हणजे १२० पदं पुन्हा फोनवर पाठवावी लागणार. मी ते केलं नाही. त्याऐवजी शहरं आधीच नावानं लिहायची ठरवली, प्रत्येकाची एक हाक, प्रत्येकाची बारा-तेरा आकड्यांची यादी. लेस्टर झालं, बर्मिंगहॅम झालं, मँचेस्टर झालं. एडिनबरोची ओळ परवा घातली. तिथे उन्हाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमाराचा चंद्र क्षितिजालगतच फिरतो, म्हणून शोधाचं पाऊल दहा मिनिटांवरून दोनवर आणावं लागलं. बिल्डला थोडा जास्त वेळ लागतो आता.